पेपरात छापून आलं होतं म्हणे, पण कुठल्या आणि कधी?

"सप्रेम नमस्कार. माझे पणजोबा सातारा जिल्ह्यात शाळामास्तर होते. ते वारले तेव्हा पेपरात छापून आलं होतं असं आजी नेहमी सांगायची, कात्रण पोथीत ठेवलेलं होतं म्हणे, पण घर बदलताना कुठे गेलं कळलं नाही आणि आता आजीही नाही. आजोबांच्या एका वहीत 'शके १८६५ पौष व. ५, ती. नाना गेले' एवढीच ओळ आहे. बाबा म्हणतात ते १९४३ साल, काका म्हणतात १९४४, दोघंही ऐकायला तयार नाहीत. पणजीबद्दल तर काहीच हाताशी नाही, सगळे तिला काकू म्हणायचे, खरं नाव कुणालाच सांगता येत नाही, फक्त अविधवा नवमीला आमच्याकडे तिच्यासाठी सवाष्ण जेवायला घालतात. गूगलवर नाव टाकून बघितलं, काही आलं नाही. आता केसरीच्या ऑफिसात जाऊ का? आणि कात्रण सापडलंच तर टिकवायचं कसं, लॅमिनेट करून घेऊ का?"
— एक वाचक, डोंबिवली

ताई, नमस्कार.

गूगलवर काही आलं नाही म्हणून खट्टू होऊ नका, त्या काळातल्या मराठी पेपरांचं तसंच आहे. बरेचसे अंक अजून लायब्ररीच्या कपाटात बांधीव फायलींमध्ये आहेत आणि जे स्कॅन झालेत त्यांचेही बहुतेक नुसते फोटो आहेत, म्हणजे पान बघता येतं पण आतला शब्द शोधता येत नाही. त्यामुळे नाव टाकलं आणि बातमी समोर आली असं होणार नाही, तारीख धरायची आणि पान उलटत जायचं, हाच रस्ता. म्हणून सगळ्यात आधी तारीख पक्की करायची, मग गाव, आणि पेपर कुठला हा प्रश्न त्याच्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात, आधी लायब्ररी गाठतात, १९४३ ची अख्खी फाईल मागतात आणि दुपारपर्यंत डोळे दुखायला लागले की सोडून देतात.

तुमच्याकडे वहीतली ती ओळ आहे ना, ती सोन्यासारखी आहे. बाबा आणि काका त्या एकाच ओळीवरून भांडतायत आणि त्यात काकांचं बरोबर आहे. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, १८६५ अधिक ७८ म्हणजे १९४३, बाबांनी तेच केलं असणार. पण शके साल पाडव्याला सुरू होतं आणि पौष हा वर्षाच्या शेवटाकडचा महिना, तोपर्यंत इंग्रजी साल बदलून गेलेलं असतं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंतच्या तिथ्यांना ७९ मिळवायचे. शके १८६५ चा पौष २७ डिसेंबर १९४३ च्या अमावास्येनंतर लागला आणि २५ जानेवारी १९४४ च्या अमावास्येला संपला, पौर्णिमा होती १० जानेवारीला, म्हणजे वद्य पंचमी येते १४-१५ जानेवारी १९४४ च्या आसपास. ऐन संक्रांत! आता घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारा की आपल्याकडे संक्रांतीला काही वर्षं वाण-हळदीकुंकू बंद होतं का, किंवा तिळगूळ दुसऱ्यांकडून यायचा पण आपण करायचो नाही असं काही आठवतं का. तारीख कुणाला आठवत नाही पण सण मोडला होता हे पक्कं आठवतं.

एका दिवसाचा फरक मात्र धरून चाला. तिथी मध्यरात्री बदलत नाही, दिवसात कधीही बदलते, त्यात रात्री-पहाटे गेलेल्या माणसाची तारीख कुणी आदल्या दिवसाची सांगतं कुणी दुसऱ्या. त्या वर्षाचं जुनं पंचांग मिळालं तर त्यात तिथी किती वाजता संपली ते घटका-पळांत दिलेलं असतं, त्यावरून ताळा करून घेता येईल.

ज्यांच्याकडे अशी वही नाही त्यांच्यासाठी इथे थोडं थांबून सांगते, कारण तिथीच्या बाबतीत फसगत फार होते. घरात विचारलं की उत्तर येतं "आजोबांची पंचमी", पण ती वर्षश्राद्धाची पंचमी की पितृपक्षातली, हे विचारायलाच हवं. पितृपक्षात महिना भाद्रपदच असतो आणि पक्ष वद्यच, माणूस वैशाख शुद्ध पंचमीला गेलेला असला तरी पान पक्षातल्या पंचमीलाच ठेवतात. बऱ्याच घरांत सांवत्सरिक बंद झालंय आणि फक्त पक्ष उरलाय, तिथे महिना हरवलेला असतो. सर्वपित्रीला करत असतील तर तिथी माहीत नव्हती किंवा वेळेवर जमलं नाही म्हणून अमावास्येला ढकललं, दोन्ही शक्य. चतुर्दशीला करत असतील तर कान टवकारा, कारण घातचतुर्दशीला अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध करायची रीत आहे, म्हणजे निधनवार्तेच्या ऐवजी अपघाताची किंवा पोलिसकेसची बातमी शोधावी लागेल, तीही बहुधा वेगळ्या पानावर.

आणि तुमची अविधवा नवमी. ही नवमी पणजीच्या मृत्यूची तिथी धरू नका, ती सगळ्याच सवाष्ण गेलेल्या बायकांसाठी असते. पण तिच्यावरून एक गोष्ट कळते, ती म्हणजे तुमची पणजी नवऱ्याच्या आधी गेली, म्हणजे जानेवारी १९४४ च्या आधी. पणजोबांच्या बातमीत "मागे पत्नी" असं दिसलं तर दोनच शक्यता, एकतर माणूस दुसराच आहे नाहीतर पणजोबांचं दुसरं लग्न झालं होतं. त्या काळी दुसरेपणाची लग्नं सर्रास व्हायची, तेव्हा घाबरून जाऊ नका, पण नोंद करून ठेवा.

आता पेपर. केसरीचं नाव आपल्या तोंडात पहिलं येतं, आणि बघायला हरकतच नाही, १८८१ पासूनचा पेपर आहे आणि केसरीवाडा पुण्यात नारायण पेठेत आजही आहे, पण एका गावातल्या शाळामास्तरांची चार ओळींची बातमी केसरीत येण्यापेक्षा जिल्ह्याच्या साप्ताहिकात येण्याचा संभव मला जास्त वाटतो. लोकांना हे लक्षातच येत नाही की त्या काळात जिल्ह्याजिल्ह्याला स्वतःचे पेपर होते. ठाण्याला अरुणोदय, सोलापूरला कल्पतरू, रत्नागिरीला सत्यशोधक हे तर १८६०-७० च्या आसपासचे, पुढे रत्नागिरीत बलवंत, नागपुरात महाराष्ट्र, १९३८ पासून नाशिकला गावकरी, बेळगावला १९१९ पासून तरुण भारत, तुमच्या साताऱ्यात ऐक्य. आपल्या गावाजवळ कुठला पेपर कुठल्या वर्षी चालू होता हे बघायला 'मराठी नियतकालिकांची सूची' नावाचं जाडजूड पुस्तक आहे, १८०० ते १९५० पर्यंतचं, कुठल्याही मोठ्या लायब्ररीच्या संदर्भ विभागात मिळतं, लायब्ररीत गेल्या गेल्या पहिलं तेच मागा.

तुमच्यासाठी मी क्रम असा लावीन: आधी साताऱ्याचे स्थानिक पेपर, मग पुण्याचे सकाळ आणि ज्ञानप्रकाश, कारण साताऱ्यातले सुशिक्षित लोक पुण्याकडे बघून असायचे आणि गावोगावचे बातमीदार तिकडे पत्र टाकायचे, मग केसरी, आणि पणजोबांचा एखादा मुलगा तेव्हा मुंबईत नोकरीला असेल तर नवाकाळसुद्धा. हा शेवटचा मुद्दा विसरू नका. बातमी बऱ्याचदा गेलेल्या माणसाच्या गावापेक्षा कमावत्या मुलाच्या गावात छापून यायची, कारण पेपरच्या ऑफिसात चिठ्ठी नेऊन देणारा तोच असायचा. आजोबा १९४४ ला कुठे होते ते आधी काढा.

अंक कुठले बघायचे? १४ जानेवारीपासून पुढचे निदान सहा आठवडे. खेड्यातल्या बातमीदाराचं पत्र पोस्टाने जायचं, साप्ताहिकात जागा होईल तेव्हा लागायचं, त्यातून १९४४ म्हणजे महायुद्ध, कागदाची टंचाई, पेपरांची पानं कमी झालेली, आणि सातारा जिल्ह्यात तर पत्रीसरकारची धामधूम चालू. मास्तरांची बातमी पंधरा दिवस पडून राहिली असली तर नवल नाही. आणि फक्त निधनाच्या बातमीवर डोळा ठेवू नका, मास्तर माणूस आहे, शाळेत दुखवट्याची सभा झाली असेल, शिक्षकांच्या सभेत ठराव झाला असेल, माजी विद्यार्थ्यांनी चार ओळी लिहिल्या असतील, "समाचाराची पत्रं पाठवणाऱ्यांना स्वतंत्र उत्तरं देणं शक्य नाही" असा मुलांनी दिलेला आभाराचा मजकूर असेल. पुढच्या पौषातले, म्हणजे डिसेंबर १९४४ - जानेवारी १९४५ चे अंकही चाळा, वर्षश्राद्धाच्या सुमाराला कुणी बक्षीस ठेवलं, वाचनालयाला पुस्तकं दिली अशी बातमी कधीकधी असते. फोटोसकट चौकटीतली जाहिरात मात्र शोधू नका, साध्या घरांत तेव्हा ती पद्धत नव्हती.

पान बघताना मोठ्या मथळ्यांवरून नजर पटकन खाली न्या. तुमची बातमी "स्थानिक व किरकोळ", "जिल्हा वृत्त", "ठिकठिकाणच्या बातम्या" असल्या सदरात, बाजारभावाच्या नाहीतर नाटकाच्या जाहिरातीच्या शेजारी, बारीक टायपात असणार. भाषेचा नमुना कळावा म्हणून मीच एक रचून देते, साधारण अशी दिसते:

"कोरेगांव — येथील जुने शिक्षक रा. रा. अमुक तमुक यांस शनिवारीं पहाटें अल्पशा आजारानें देवाज्ञा झाली. मृत्युसमयीं त्यांचें वय ६२ वर्षांचें होतें. त्यांनीं वाई, पाटण व येथें मिळून तीस वर्षें नोकरी केली. त्यांचे मागें दोन चिरंजीव, तीन कन्या व बराच मोठा परिवार आहे."

चारच ओळी, पण बघा काय काय आहे त्यात. सुरुवातीचं गाव म्हणजे बातमीदार कुठे बसून लिहितोय ते, आणि "येथील" म्हणजे ते गाव. शनिवार म्हटलाय, १५ जानेवारी १९४४ ला शनिवारच होता, म्हणजे तिथी, वार आणि तारीख तिघांचा मेळ बसतो की नाही ते लगेच तपासता येतं. वय आलं की जन्मसाल अंदाजाने निघतं. आणि नोकरीची गावं, माझ्या मते सगळ्यात मौल्यवान हीच, कारण मास्तरांची मुलं बहुतेक वडिलांच्याच शाळेत शिकायची, म्हणजे त्या त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन जुनं जनरल रजिस्टर बघायची विनंती केली तर तुमच्या आजोबांची आणि त्यांच्या भावंडांची नावं, जन्मतारखा, जन्मगाव आणि आधीची शाळा हे सगळं एका आडव्या ओळीत मिळू शकतं. मुलींचीही नावं मिळतील, जी बातमीत कधीच नसतात. एका शाळेतून "आधीची शाळा" कळली की पुढच्या गावाला जायचं, असं करत करत मास्तरांच्या सगळ्या बदल्या हाताला लागतात.

जुन्या शुद्धलेखनाचीही सवय करून घ्या. १९६२ चे नियम यायच्या आधीचं लेखन आहे, मुंबईंत, पुणें, गांव, सगळीकडे अनुस्वार. नुसतं नाव आणि वडलांचं नाव, आडनावच नाही, असंही दिसेल, किंवा "नाना मास्तर" एवढंच. मथळ्यात दर वेळी निधन असेलच असं नाही, देवाज्ञा, वैकुंठवास, कैलासवास, परलोकवास, शोककारक मृत्यू, दुःखद अंत, काहीही असू शकतं.

पुढच्या काळातलं शोधणाऱ्यांनी, म्हणजे साधारण १९७०-८० नंतरचं, आपापल्या भागातले विधींचे शब्द लक्षात ठेवावेत, कारण बातमी हुकली तरी विधीची सूचना सापडते. कोल्हापूर-सांगलीकडे रक्षाविसर्जन, पुण्याकडे सावडणे आणि दशक्रिया, खानदेशात उत्तरकार्य आणि गंधमुक्ती. बौद्ध कुटुंबांत कालकथित आणि पुण्यानुमोदन, ख्रिस्ती कुटुंबांत ख्रिस्तवासी, मुसलमानांत पैगंबरवासी. समाजाप्रमाणे पेपरही बदलतात. मराठी ख्रिस्ती घराण्यांनी ज्ञानोदय सोडूच नये, १८४२ ला नगरला सुरू झालेलं नियतकालिक आहे आणि साध्या साध्या मंडळींच्या मृत्यूची दखल त्यात मिळते. आंबेडकरी चळवळीतल्या घरांनी जनता आणि १९५६ पासूनचा प्रबुद्ध भारत बघावा, गावोगावच्या कार्यकर्त्यांबद्दल दुसरीकडे कुठे एक ओळ आली नसेल ती तिथे असू शकते. गोव्याच्या मंडळींना १९६१ च्या आधीचं शोधायचं तर पोर्तुगीज पेपर, हेराल्डो १९०० पासूनचा आहे, आणि जागा पणजीची कृष्णदास शामा लायब्ररी.

लायब्ररी तुम्हाला डोंबिवलीहून सोयीची म्हणजे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ चं, आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. पुण्यात नगर वाचन मंदिर, साताऱ्यात जुनं नगरवाचनालय. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने ग्रंथसंजीवनी नावाच्या साइटवर जुने पेपर आणि नियतकालिकं स्कॅन करून टाकलीयत, तिथे घरबसल्या एकदा डोकावून घ्या. जायच्या आधी फोन जरूर करा आणि नुसतं "जुने पेपर आहेत का" विचारू नका, "सकाळ, जानेवारी आणि फेब्रुवारी १९४४, बांधीव फाईल वाचकाला देता का, आणि मोबाइलने फोटो काढू देता का" असं विचारा, कारण फाईल असते पण बाइंडिंगला गेलेली असते, किंवा कागद इतका ठिसूळ झालेला असतो की देत नाहीत. ओळखपत्र आणि साधा अर्ज लिहून न्या. एक मनापासून सांगते, तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी बोला. कुठला महिना कुठल्या गठ्ठ्यात चुकून बांधलाय, कुठले अंक दुसऱ्या खोलीत आहेत, हे कॅटलॉगमध्ये नसतं, त्यांच्या डोक्यात असतं, आणि कुणी आपल्या पणजोबांना शोधत आलंय म्हटल्यावर ती माणसं आपणहून शिडी लावतात.

फाईल हातात आली की पान वरच्या कोपऱ्याने उलटा, मधून धरून ओढू नका. शिवणीकडे गेलेल्या कॉलमातली अक्षरं दिसत नसतील तर फाईल दाबून उघडू नका, कण्यापाशी पान फाटतं, त्याऐवजी मोबाइल तिरपा धरून फोटो काढा आणि नंतर मोठा करून वाचा. अंक क्रमाने लागलेत ना ते तारखेवरून बघत चला, मधला एखादा अंक नसेल तर वहीत लिहून ठेवा, म्हणजे "बघितला, नाही सापडलं" आणि "अंकच नव्हता" यात नंतर घोळ होणार नाही. आणि तोच अंक दुसऱ्या लायब्ररीत असू शकतो. १९५६ नंतरचे पेपर शोधणाऱ्यांना एक आधार आहे, त्या वर्षापासून वर्तमानपत्रांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे पाठवण्याचा कायदा लागू झाला, तुम्हाला १९४४ साठी त्याचा उपयोग नाही.

आता पणजी. तिच्याबद्दल पेपरात वेगळं काही मिळेल अशी आशा फार धरू नका, मिळालं तरी "येथील शिक्षक रा. रा. अमुक यांच्या पत्नी सौ. तमुकबाई" असं, किंवा बाईंचं नावही नाही, नुसतं "यांच्या कुटुंबास देवाज्ञा झाली". मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं, चाळीस वर्षं घर चालवलेल्या बाईचं नाव लिहायला कुणाला सुचलं नाही. म्हणूनच तिच्यासाठी पेपरच्या बाहेर पडा.

पहिलं म्हणजे घरातच शोधा. तुमच्याकडे पक्ष करतात ना, मग महालयाची यादी असणारच. श्राद्धात आई, आजी, पणजी यांची नावं गोत्रासकट उच्चारावी लागतात, तिथे "काकू" म्हणून चालत नाही. तुमच्या आजोबांसाठी ती आई होती, म्हणजे त्यांनी दरवर्षी तिचं खरं नाव घेतलंय. जुन्या पोथ्यांच्या मध्ये, पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर, किंवा घरी येणाऱ्या गुरुजींच्या वहीत ती यादी बघा, गुरुजी वारले असतील तर त्यांच्या मुलाला विचारा. लक्षात ठेवा, ते सासरचं नाव असेल, लग्नात बदललेलं, माहेरचं वेगळं. मातामहांच्या ओळीत आजोबांच्या आईच्या वडलांचं नाव आणि गोत्र असतं, त्यावरून तिचं माहेर कुठलं हेही कळू शकतं.

दुसरं कोतवाल बुक. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, गाव नमुना १४, कोतवाल लिहायचा, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या असतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून हे नाव घरोघर माहीत झालं आणि बऱ्याच जिल्ह्यांनी त्या नोंदी स्कॅन करून साइटवरही टाकल्या, साताऱ्याच्या जिल्हा साइटवर तुमचा तालुका आहे का बघा. जुन्या नोंदी मोडीत असतात, बाईचं नाव "अमुक कोम तमुक" नाहीतर "भ्रतार तमुक" असं नवऱ्याच्या नावाला जोडून. मोडी वाचणारे आता पुष्कळ तयार झालेत, फोटो दाखवून वाचून घेता येतं. गावात जमीन किंवा घर असेल तर पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार काढा, महाभूमीच्या आपले अभिलेख साइटवर जुने फेरफार मिळतात, त्यात सगळ्या वारसांची नावं असतात आणि बऱ्याचदा "अमुक तारखेस मयत" अशी स्पष्ट तारीखही. मी तर म्हणेन पेपरच्या बातमीला ताळा म्हणून हा फेरफार काढाच.

कारण छापून आलं म्हणजे खरं असंच नाही. निधनाची बातमी म्हणजे घरच्यांनी दुःखात, घाईत सांगितलेली माहिती, ती बातमीदाराने ऐकून लिहिली आणि जुळाऱ्याने खिळे जुळवताना त्यात आपली भर घातली. वय पाच-पाच वर्षांनी चुकतं. भांडून गेलेला मुलगा परिवारात मोजत नाहीत, लहानपणी गेलेली मुलं कुणी धरतच नाही, "तीन कन्या" म्हणजे तेव्हा हयात असलेल्या तीन. घरातलं ऐकीव, पेपरातलं छापील आणि सरकारी नोंद, ही तिन्ही शेजारी शेजारी मांडून बघा, आणि जुळत नसेल तिथे आपल्या आवडीचं एक निवडू नका, तिन्ही तशीच लिहून ठेवा, पुढे कुठला तरी कागद निकाल देतो.

आणि बातमी अजिबात नाहीच सापडली तर? तसंही होईल. आजीला आठवत होतं ते कात्रण कदाचित निधनाचं नसेलही, मास्तर निवृत्त झाले तेव्हाच्या सत्काराचं असेल, तेव्हा नोकरीतून बाहेर पडले ते वर्ष काढून त्या वर्षाचेही अंक एकदा बघा. शिवाय कात्रण एकट्या तुमच्याच घरात होतं असं कशावरून? पणजोबांना मुली असतील तर त्यांच्या सासरी, पणजोबांच्या भावांच्या घरी, अशा बातम्या पत्राबरोबर पाठवल्या जायच्या. त्या घरांतल्या आजच्या माणसांना फोन करा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नुसतं "कुणाकडे आहे का" टाकलं तर दहा नमस्काराचे हात येतात आणि विषय संपतो, एकेकाला स्वतंत्र फोन केला तर माणूस उठून ट्रंक उघडतो.

राहिलं लॅमिनेशन. अजिबात करू नका. पेपरचा कागद हलक्या लगद्याचा असतो, त्यातल्या आम्लामुळे तो आतून पिवळा आणि ठिसूळ होत जातो, आणि लॅमिनेशन म्हणजे उष्णता आणि चिकट थर, एकदा केलं की उलटं करता येत नाही, कागद आत खराब होतच राहतो. सेलोटेप नको, स्टेपल नको, अल्बममध्ये गोंदाने चिकटवणं नको. कात्रण सापडलं तर घडी हलकेच उलगडून आधी दोन्ही बाजू स्कॅन करा, मागच्या बाजूच्या जाहिरातीवरून किंवा बातमीवरून तारीख निघू शकते म्हणून मागची बाजू आवर्जून, मग आम्लविरहित कागदाच्या घडीत सपाट ठेवून अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवा. पोथीत परत ठेवू नका, डाग एकमेकांना लागतात. आणि लायब्ररीत बातमी मिळाली तर नुसत्या चार ओळींचा फोटो काढून परत येऊ नका, आधी पेपरचं नाव आणि तारीख दिसेल असा पहिल्या पानाचा फोटो, मग बातमीचं पूर्ण पान, मग बातमी जवळून, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी फोटोंना पेपर, तारीख, पान, कॉलम आणि लायब्ररीचं नाव देऊन टाका. बाबा आणि काका दोघांनाही एक एक प्रत.